खाच, खोबण आणि मेळ : डेस्कटॉप संगणकाच्या मेमरीचा इतिहास

जुन्या डेस्कटॉप संगणकाची मेमरी वाढवणे हे वरवर पाहता साध्या खरेदीचे काम वाटते. परंतु कोणती पट्टी कोणत्या यंत्राला चालेल हे ठरवताना, ते यंत्र घडले तेव्हा चिप बनवणारे, मदरबोर्ड बनवणारे आणि प्रोसेसर बनवणारे यांच्यात काय ठरले होते, याचाच शोध घ्यावा लागतो. मेळ हा मेमरीचा एकटीचा गुण नव्हे. तीच पट्टी एका यंत्रात वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते आणि शेजारच्या, दिसायला अगदी तशाच यंत्रात निम्मीच मोजली जाते किंवा मुळीच ओळखली जात नाही. या मेळाचा काही भाग पट्टीवरच्या खाचेत, टोकांच्या संख्येत आणि व्होल्टेजमध्ये उघड दिसतो, तर काही भाग कुठेही दिसत नाही. गेल्या चार दशकांत उघड दिसणाऱ्या विसंगती उद्योगाने एकेक करून बंद केल्या, न दिसणाऱ्या मात्र टिकून राहिल्या. आणि जुन्या संगणकाच्या मालकाची फसगत होते ती बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारात.

या साऱ्याचे मूळ मेमरीच्या रचनेतच आहे. आयबीएममधील संशोधक रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये ज्या कल्पनेचे पेटंट मिळाले, तिच्यात माहितीचा एक बिट साठवण्यासाठी एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार धरून ठेवणारा एक सूक्ष्म कपॅसिटर, एवढेच पुरत होते. हा भार आपोआप झिरपून जातो, म्हणून तो ठरावीक काळाने पुन्हा भरावा लागतो. या सतत भराव्या लागणाऱ्या मेमरीला डायनॅमिक रॅम, संक्षेपाने डीरॅम, असे म्हणतात. इंटेलने १९७० मध्ये १,०२४ बिटांची ११०३ ही चिप बाजारात आणली आणि चुंबकीय कड्यांच्या जुन्या मेमरीची सद्दी संपत आली. पुढचे पाऊल अमेरिकेतील मोस्टेक या कंपनीने १९७३ मध्ये टाकले. चिपमधील बिट ओळी आणि रकाने यांच्या जाळीत मांडलेले असतात. मोस्टेकच्या ४,०९६ बिटांच्या चिपमध्ये आधी ओळीचा आणि मग त्याच तारांवरून रकान्याचा पत्ता पाठवण्याची सोय केलेली होती, त्यामुळे पत्त्यासाठी लागणाऱ्या पायांची संख्या निम्म्यावर आली आणि सारी चिप सोळा पायांत बसली. ही युक्ती आजतागायत टिकून आहे, आणि पुढे येणाऱ्या कितीतरी घोटाळ्यांचा उगमही तिच्यातच आहे, कारण पत्त्याची एक तार वाढली की चिपची क्षमता चौपट होते, पण ती वाढलेली तार वापरण्याची तजवीज मेमरी चालवणाऱ्या नियंत्रकात आधीपासून असावी लागते.

सात तारांच्या ४११६ या चिपमध्ये १२८ ओळी आणि १२८ रकाने, म्हणजे १६,३८४ बिट मावत; आठ तारांच्या ४१६४ मध्ये २५६ गुणिले २५६, म्हणजे ६५,५३६. दोन्हींना पाय सोळाच, दोन्हींचा आकार एकच, आणि म्हणून एकीच्या सॉकेटमध्ये दुसरी बिनदिक्कत बसत असे. परंतु ४११६ ला उणे ५, अधिक ५ आणि अधिक १२ असे तीन निरनिराळे व्होल्टेज लागत, तर ४१६४ चे काम एकट्या ५ व्होल्टवर भागे. जुन्या चिपच्या ज्या आठव्या पायावर १२ व्होल्ट येत, त्याच पायावर नव्या चिपला ५ व्होल्ट अपेक्षित होते. जास्त क्षमतेची चिप जुन्या सॉकेटमध्ये नुसती बसवून वीज सुरू केली तर ती निकामी होणार, हे उघड होते. बसणे आणि चालणे यांतले अंतर इतके स्पष्ट दाखवणारे दुसरे उदाहरण या इतिहासाच्या आरंभकाळात सापडत नाही.

आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला, तो नेमका ४११६ च्या काळात. त्याच्या मदरबोर्डावर नऊ-नऊ चिपच्या चार रांगा होत्या. पहिली रांग कायमची डाख दिलेली आणि उरलेल्या तीन रिकाम्या सॉकेटच्या. प्रत्येक रांग १६ किलोबाइटची, म्हणून बोर्डावरची मर्यादा ६४ किलोबाइट. आठ बिटांच्या बाइटसाठी नऊ चिप का, याचे उत्तर पॅरिटी या तपासणीत आहे : प्रत्येक बाइटसोबत एक जादा बिट साठवायचा, तो बाइटमधील एकांची संख्या सम की विषम हे सांगतो, आणि वाचताना हिशेब जुळला नाही तर चूक झाल्याचे यंत्राला कळते. मेमरी वाढवू पाहणाऱ्याला म्हणून एकेक नव्हे, तर नऊ चिपचा पूर्ण संच घ्यावा लागे, प्रत्येकीची दिशा पाहून तिचे पाय न वाकवता ती सॉकेटमध्ये दाबावी लागे, आणि त्यानंतर बोर्डावरच्या बारीक स्विचांच्या दोन पेट्यांमध्ये एकूण मेमरी किती झाली ते हाताने नोंदवावे लागे, कारण यंत्राला ते स्वतःहून समजण्याचा मार्ग नव्हता. हिशेब चुकला किंवा एखादी चिप खराब निघाली, की सुरुवातीच्या चाचणीत पडद्यावर २०१ हा आकडा उमटे. सॉकेटमधील चिप तापण्या-निवण्याने हळूहळू वर सरकतात, हाही त्या पिढीतील दुरुस्ती करणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव होता, आणि बंद पडलेल्या यंत्राच्या चिप अंगठ्याने पुन्हा खाली दाबणे हा त्यांचा पहिला उपाय असे.

सुट्या चिपचा हा खटाटोप संपवला तो सिम या पट्टीने. वँग लॅबोरेटरीजमधील जेम्स क्लेटन यांनी १९८३ च्या सुमारास नऊ चिप एका छोट्या छापील पट्टीवर बसवून तिच्या कडेलाच विद्युतस्पर्शाची टोके काढली; १९८७ मध्ये वँगला त्याचे पेटंट मिळाले आणि त्यावरून तोशिबा व एनईसी या जपानी कंपन्यांशी न्यायालयीन वादही झाला. जानेवारी १९८६ मध्ये आलेल्या अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश प्लसमध्ये अशा चार पट्ट्यांची सोय होती, आणि तो १ मेगाबाइटपासून ४ मेगाबाइटपर्यंत वाढवता येत असे. तीस टोकांची ही पट्टी एका वेळी आठ बिटच देऊ शके, आणि इथून खरेदीदाराला एक नवा हिशेब शिकावा लागला : प्रोसेसर मेमरीशी जितक्या बिटांच्या रुंदीने बोलतो, तितकी रुंदी पुरी होईल एवढ्या सारख्या पट्ट्या एकाच वेळी बसवल्या पाहिजेत, आणि अशा संचाला बँक म्हणत. सोळा बिटांच्या ३८६ एसएक्सला दोन पट्ट्या लागत, बत्तीस बिटांच्या ३८६ डीएक्स किंवा ४८६ ला चार. पुढे आयबीएमच्या पीएस/२ यंत्रांतून पसरलेली ७२ टोकांची पट्टी एकटीच बत्तीस बिटांची होती, त्यामुळे ४८६ चे काम एकीत भागू लागले. पण १९९३ मध्ये चौसष्ट बिटांच्या रुंदीचा पेंटियम आला आणि पुन्हा जोडीचा नियम लागू झाला. पेंटियमच्या खोबणीत एकटी ७२ टोकांची पट्टी व्यवस्थित बसते आणि संगणक तरीही सुरू होत नाही, यात ना पट्टीचा दोष असतो ना बोर्डाचा.

नव्वदीच्या दशकाचा पूर्वार्ध हा निवडीच्या दृष्टीने सर्वांत गुंतागुंतीचा काळ म्हटला पाहिजे. चिपवर छापलेला वेगाचा आकडा नॅनोसेकंदांत असे, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागांत, आणि इथे लहान आकडा अधिक वेगवान. ६० नॅनोसेकंदांची पट्टी ७० च्या जागी चाले, उलटे मात्र धोक्याचे. १९९५ मध्ये इंटेलच्या ४३० एफएक्स या चिपसेटबरोबर, म्हणजे मदरबोर्डावर मेमरीचा नियंत्रक सांभाळणाऱ्या चिपच्या संचाबरोबर, ईडीओ हा प्रकार डेस्कटॉपवर रुळला. त्यात पुढच्या रकान्याचा पत्ता दिला जात असतानाही आधीची माहिती तारांवर टिकून राहते, म्हणून वेळ वाचतो, पण जुन्या फास्ट पेज प्रकारासाठी बनलेल्या बोर्डावर ती चालेलच याची खात्री नसे. काही बोर्डांच्या खोबणीतले स्पर्श कथलाच्या मुलाम्याचे, तर काहींचे सोन्याचे असत, आणि एका धातूवर दुसरा सतत घासला की कथलाचा ऑक्साइड साचून काही महिन्यांनी संपर्क बिघडे; म्हणून जाणकार पट्टीचा रंगही पाहून घेत. मेमरीची किंमतही त्या काळात फार चढलेली होती. जुलै १९९३ मध्ये जपानमधील निइहामा येथील सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला, चिपच्या आवरणासाठी लागणाऱ्या इपॉक्सी राळेचा जगातील मोठा पुरवठा तिथून होत असल्याने जगभर टंचाईची धास्ती पसरली आणि भाव उसळले. महागाईच्या या वातावरणात पॅरिटीची नववी चिप गाळणे स्वस्त यंत्रांत सर्रास झाले. काही विक्रेत्यांनी तर तिच्या जागी, माहिती काहीही असो, हिशेब बरोबर असल्याचेच कळवणारी चिप बसवून अशा पट्ट्या पॅरिटीच्या म्हणून खपवल्या. चूक पकडण्यासाठी असलेली सोयच खोटी साक्ष देऊ लागली, आणि यापेक्षा गंभीर फसवणूक या व्यापारात क्वचितच झाली असेल.

भारतातील जोडणीच्या संगणकांचा बाजार वाढला तो याच सुमारास. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे आजचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्ली, दिल्लीत नेहरू प्लेस, चेन्नईत रिची स्ट्रीट, बंगळूरुमध्ये एस. पी. रोड, या ठिकाणी मदरबोर्ड एका कंपनीचा, रॅम दुसरीची, हार्ड डिस्क तिसरीची असे सुटे भाग घेऊन यंत्र उभे करण्याची पद्धत रूढ झाली, आणि ‘असेंबल्ड’ हा शब्द मध्यमवर्गीय घरांतही पोहोचला. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला, त्यानुसार संगणक व त्याचे सुटे भाग यांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत २००५ पर्यंत शून्यावर आले, आणि या बाजाराला बळ मिळाले. नामांकित कंपनीच्या तयार यंत्रात मेळाची जबाबदारी त्या कंपनीची असे. जोडणीच्या यंत्रात ती दुकानदारावर आणि जोडणाऱ्या कारागिरावर आली. कोणत्या बोर्डाला कोणती पट्टी मानवते याचे ज्ञान या गल्ल्यांत छापील पुस्तिकांपेक्षा माणसांच्या तोंडी जास्त होते, आणि त्याची नोंद जवळजवळ कोणीही ठेवली नाही, ही या इतिहासातली खरी उणीव आहे.

डिम या पट्टीने रुंदीचा प्रश्न निकालात काढला. सिमच्या कडेला दोन्ही बाजूंची टोके आतून एकमेकांना जोडलेली असत, डिममध्ये ती स्वतंत्र झाली; १६८ टोकांच्या एकाच पट्टीतून चौसष्ट बिट मिळू लागले आणि जोडीची सक्ती गेली. तिच्या खालच्या कडेला दोन खाचा होत्या; एकीच्या जागेवरून व्होल्टेज ठरे आणि दुसरीवरून पट्टीचा प्रकार, म्हणजे चुकीची पट्टी खोबणीतच शिरत नसे. खाच ही पट्टीवरची सर्वांत स्वस्त, पण सर्वांत परिणामकारक सोय होय. मेमरीची ही मानके जेडेक या संस्थेत ठरतात. १९५८ मध्ये इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या प्रमाणीकरणासाठी स्थापन झालेल्या या संस्थेत एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले उत्पादक एकत्र बसून टोकांची संख्या, व्होल्टेज आणि संकेतांची वेळ निश्चित करतात. डिमवर एसपीडी नावाची एक चिमुकली चिपही आली, जिच्यात पट्टीची क्षमता, वेग, ओळी व रकाने यांची माहिती कोरलेली असते आणि संगणक सुरू होताना ती वाचून घेतो. स्विचांच्या पेट्यांमध्ये माणसाने भरायची माहिती आता पट्टी स्वतः सांगू लागली. यंत्राच्या घड्याळाशी ताल जुळवून चालणारी एसडीरॅम, आणि १९९८ मध्ये इंटेलच्या ४४० बीएक्स चिपसेटबरोबर आलेली १०० मेगाहर्ट्झची पीसी१०० ही पट्टी, यांमुळे कोणत्याही दुकानातली पट्टी घ्यावी आणि बसवावी, ती चालेल, अशी परिस्थिती प्रथमच निर्माण झाली.

पण पट्टीने सांगितले तरी ऐकणाऱ्याला ते समजले पाहिजे. ४४० बीएक्स बनला तेव्हा जेवढ्या क्षमतेच्या चिप गृहीत धरलेल्या होत्या, त्यापेक्षा दाट चिप दोनतीन वर्षांतच बाजारात आल्या. २५६ मेगाबाइटची पट्टी सोळा चिपची असेल तर त्या बोर्डावर ती पूर्ण दिसे, तीच क्षमता आठ दाट चिपमध्ये भरलेली असेल तर निम्मीच, म्हणजे १२८ मेगाबाइट दिसे, कारण त्या चिपच्या साऱ्या ओळींपर्यंत पोहोचण्याइतका पत्ता चिपसेटला उच्चारता येत नव्हता. वरच्या लेबलवर दोन्हींची क्षमता एकच आणि किंमत मात्र दाट चिपच्या पट्टीची कमी, त्यामुळे स्वस्त पट्टी घेणारा निम्म्या मेमरीचा धनी होई. याच वर्गातली दुसरी मर्यादा पेंटियमच्या ४३० टीएक्स व ४३० व्हीएक्स चिपसेटमध्ये होती : त्यांची वेगवान मध्यस्थ मेमरी, जिला कॅश म्हणतात, ती पहिल्या ६४ मेगाबाइटांचीच दखल घेई, आणि त्यापुढे रॅम वाढवली तर काही कामांत यंत्र उलट मंदावे. ८१५ या पुढच्या चिपसेटची कमाल ५१२ मेगाबाइटवर थांबली, जी बीएक्सच्या निम्मी होती. नवे म्हणजे अधिक सामावून घेणारे, हा सर्वसामान्य समज इथे टिकत नाही.

मानके केवळ अभियंत्यांच्या संमतीने ठरत नाहीत, बाजारातील बळानेही ठरवण्याचा प्रयत्न होतो, हे रॅमबसच्या प्रकरणात दिसले. नोव्हेंबर १९९९ मध्ये इंटेलने ८२० हा चिपसेट रॅमबस कंपनीच्या आरडीरॅमसाठी आणला. ही मेमरी महाग होती, म्हणून साधी एसडीरॅम चालवणारी एक दुभाषी चिप त्याच्या जोडीला दिली गेली, पण तिच्यात दोष निघाल्याने मे २००० मध्ये तसे मदरबोर्ड परत घ्यावे लागले. त्याच वर्षी आलेल्या पहिल्या पेंटियम ४ ला आरडीरॅमच्या पट्ट्या जोडीनेच लागत, आणि संकेत एका पट्टीतून दुसरीत असे ओळीने वाहत असल्यामुळे रिकाम्या खोबणीतही मेमरी नसलेली, केवळ तारा जोडणारी पट्टी बसवावी लागे. जुना पेंटियम ४ उघडणाऱ्याला एखादी चिपविरहित पट्टी निरुपयोगी वाटून ती काढून ठेवावीशी वाटते, आणि यंत्र तेवढ्यानेच बंद पडते. दरम्यान जेडेकने २००० मध्ये डीडीआरचे मानक प्रसिद्ध केले, ज्यात घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती वाहते. २००२ पर्यंत इंटेलही त्या मार्गाला लागला. रॅमबस १९९६ पर्यंत जेडेकची सदस्य होती आणि तिने आपली पेटंटे त्या काळात उघड केली नाहीत, या आक्षेपावरून अमेरिकेत चाललेले खटले मात्र बरीच वर्षे रेंगाळले.

डीडीआरच्या पुढील पिढ्यांचा क्रम सरळ आहे. पहिलीच्या पट्टीला १८४ टोके आणि २.५ व्होल्ट; डीडीआर२ ला २४० टोके आणि १.८ व्होल्ट; डीडीआर३ ला टोके पुन्हा २४०, व्होल्ट १.५, डीडीआर४ ला २८८ टोके व १.२ व्होल्ट. डीडीआर२ आणि डीडीआर३ यांच्या टोकांची संख्या समान असली तरी खाचेची जागा वेगळी, म्हणून एक दुसरीच्या खोबणीत जात नाही, आणि जोर करून घालण्याने खोबण तुटण्यापलीकडे काही साधत नाही. अधिक खोल बदल मात्र डोळ्यांना न दिसणारा होता : मेमरी चालवणारा नियंत्रक २००३ मध्ये एएमडीच्या अ‍ॅथलॉन ६४ मध्ये आणि २००८ मध्ये इंटेलच्या पहिल्या कोअर आय७ मध्ये चिपसेट सोडून प्रोसेसरच्याच पोटात गेला. तेव्हापासून मेळाचा प्रश्न विचारताना बोर्डाइतकाच प्रोसेसरही पाहावा लागतो. एएमडीचे एएम३ सॉकेटचे प्रोसेसर डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्ही बोर्डांवर चालत ते त्यांच्या नियंत्रकाला दोन्ही येत असल्यामुळेच.

जुन्या मालाच्या आजच्या बाजारात सर्वाधिक चुका होतात त्या सर्व्हरमधून निघालेल्या पट्ट्यांच्या बाबतीत. सर्व्हरच्या पट्टीवर पत्त्याचे संकेत मधल्यामध्ये सांभाळणारी रजिस्टर नावाची चिप असते, म्हणून तिला रजिस्टर्ड म्हणतात. डीडीआर३ आणि डीडीआर४ या पिढ्यांत तिची टोके आणि खाच डेस्कटॉपच्या पट्टीसारखीच असल्याने ती खोबणीत बसते, पण सामान्य डेस्कटॉपचा नियंत्रक तिच्याशी बोलू शकत नाही आणि पडदा काळाच राहतो. चुका दुरुस्त करणारी ईसीसी सोय असलेली, पण रजिस्टर नसलेली पट्टी मात्र अनेक डेस्कटॉपवर ती सोय न वापरता चालते. या दोहोंत गल्लत करू नये. डीडीआर५ मध्ये सर्व्हरच्या पट्टीला १२ आणि डेस्कटॉपच्या पट्टीला ५ व्होल्टचा पुरवठा लागत असल्याने, त्यांच्या खाचा अखेर वेगळ्या ठेवल्या गेल्या.

दाट चिपचा प्रश्न मात्र खाचेने सुटणारा नव्हता. डीडीआर२ च्या ४ गिगाबाइटच्या स्वस्त पट्ट्या केवळ एएमडीच्या यंत्रांसाठी म्हणून विकल्या जातात, कारण त्यांतील चिपच्या रकान्यांची संख्या इंटेलच्या चिपसेटना हाताळता येत नाही. इंटेलच्या जी४१ चिपसेटचे डीडीआर३ बोर्ड, जे भारतातील कार्यालयांत आणि घरांत मोठ्या प्रमाणावर शिल्लक आहेत, २ गिगाबिटपर्यंतच्याच चिप ओळखतात. त्यामुळे अशा यंत्रासाठी ४ गिगाबाइटची पट्टी घेताना ती दोन्ही बाजूंना आठ-आठ चिपची असावी लागते, आणि एकाच बाजूला आठ चिप असलेली नवी, चकचकीत पट्टी दुकानातच परत करणे श्रेयस्कर. त्या यंत्रावर बत्तीस बिटांचे विंडोज असेल तर त्याची पोच ४ गिगाबाइटपर्यंतच, आणि त्यातलाही काही पत्ता ग्राफिक्स व इतर उपकरणांसाठी राखीव जात असल्याने प्रत्यक्षात साधारण साडेतीन गिगाबाइट हाती लागतात. चौसष्ट बिटांची प्रणाली चढवायची नसेल तर दुसऱ्या पट्टीचा खर्च करण्याचे कारण राहत नाही.